बिनतक्रारीचा प्राणी

मागच्या पावसाळ्यात कँटीनमध्ये चहा पिताना माझ्या एका वर्गमैत्रिणीने मला विचारले, "तुमच्याकडे कासव आहे ना ग? मलाही घ्यायचंय. कुठलं घेऊ?" तिचा प्रश्न 'घेऊ का?' असा नव्हता. घ्यायचे हे तिच्या मनात ठरलेलेच होते. फक्त रंग, आकार आणि दुकान तेवढे बाकी होते. मी तिला बरेच काही सांगू लागले, पण तास भरल्याची घंटा झाली आणि बोलणे अर्धवट राहिले. पुढे वार्षिक अंकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा वाटले की तिला द्यायचे उत्तर इथेच लिहावे. तिच्यासारखे विचारणारे आणखीही काही आहेत हे मला ठाऊक आहे. शिवाय आमच्या वर्गात निदान तीन घरांत कासवे आहेत, आणि एका सरांच्या घरीही आहे असे ऐकते. सरांनी राग मानू नये.

आधी माझा अधिकार सांगते. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी नाही. माझे विषय मराठी आणि इतिहास. पण साडेतीन वर्षे एक कासव आमच्या घरात आहे, आणि ते घरात आले ते माझ्या पैशांनी.

जून २०२२ मध्ये मी दहावी पास झाले. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेले नव्हते, त्यामुळे मामाने कौतुकाने पाचशे रुपये हातावर ठेवले. माझा भाऊ सोनू तेव्हा पाचवीत होता. त्याने ते पैसे पाहिले आणि दोन दिवस माझा पिच्छा पुरवला. "ताई, कासव घे ना. ताई, दोनच घे." बाजारात काचेच्या पेटीत हिरवीगार, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी पिल्ले पोहत होती. कानाच्या जागी लाल पट्टा, चिमुकले पंजे, मान वर करून बघण्याची तऱ्हा. दुकानदार म्हणाला, "चायना कासव आहे. एवढंच राहतं. काही त्रास नाही, दोन दाणे टाकायचे." जोडी अडीचशे रुपयांना आणि वर प्लॅस्टिकचा एक डबा, ज्यात प्लॅस्टिकचेच माडाचे झाड आणि एक इवलेसे बेट. सोनूने एकाचे नाव राजा ठेवले, दुसऱ्याचे राणी.

दुकानदाराची ती तिन्ही वाक्ये चुकीची होती. मुद्दाम खोटे बोलला असे मी म्हणत नाही; त्याला जो माल ज्या नावाने आला तो त्याने त्या नावाने विकला. पण हे कासव चीनचे नाही. ते अमेरिकेच्या दक्षिण भागातले, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. ते 'एवढेच' राहत नाही. मादी वाढून तिची पाठ पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब होते, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढी. आणि नीट ठेवले तर ते वीस-तीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त जगते. 'काही त्रास नाही' या वाक्याकडे मी पुढे येणारच आहे.

राणी चार महिन्यांत मेली. पहिल्यांदा तिचे डोळे सुजून मिटले. आम्हाला वाटले झोप येते आहे. मग तिने खाणे सोडले. मग एके दिवशी सोनू म्हणाला, "ताई, हिची पाठ रबरासारखी लागते बघ." मी बोट लावले तर कवच खरोखरच दबत होते. जवळच्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. ते कुत्र्यामांजरांचे डॉक्टर. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की कासवाचे मला फारसे कळत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता मिळेपर्यंत आणि तिकडे जाण्याइतके पैसे जमेपर्यंत राणी गेली होती. मग राजाला तरी दाखवावे म्हणून त्या दूरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाहिल्या पाहिल्या विचारले, "उन्हात ठेवता का?" आम्ही म्हटले, "खिडकीत ठेवतो." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मला वाटते, हाच प्रश्न आणि हेच उत्तर त्यांनी पुष्कळ वेळा ऐकले असावे.

त्या दिवशी मला कळले ते असे. कासवाचे कवच म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखे वरून चढवलेले घर नव्हे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा पसरून, जुळून ते कवच झालेले असते. ते हाड आहे, आणि त्याला संवेदना आहे. त्या हाडाला चुना लागतो, आणि अन्नातला चुना अंगी लागायला उन्हातले अतिनील किरण लागतात. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते; पण हे किरण काच अडवते. आमच्या खोलीची खिडकी तर समोरच्या भिंतीकडे उघडते. तिथे ऊन येते ते भिंतीवर पडून, उसने. राणीला आम्ही रोज सुके झिंगे घालत होतो, कारण ते ती आवडीने खाई. नुसत्या सुक्या झिंग्यांवर ठेवलेल्या कासवाला 'अ' जीवनसत्त्व मिळत नाही आणि डोळे सुजतात. म्हणजे तिला हाल करून मारण्यासाठी जे जे करावे लागते ते ते आम्ही प्रेमाने, न चुकता केले होते.

ही सारी हकिकत मी रडगाणे म्हणून सांगत नाही. मला विचार करायचा आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपण कासवच का निवडतो?

मी स्वतःलाच विचारून पाहिले, आणि मग ओळखीच्या पाचसहा जणांना विचारले. सगळ्यांचे उत्तर थोड्याफार फरकाने एकच. कुत्रा भुंकतो, त्याला फिरवावे लागते, शेजारी तक्रार करतात. मांजर दुधाच्या पातेल्यात तोंड घालते. पोपट पाळणे गुन्हा आहे असे आता लोकांना कळले आहे. मासे मरतात. कासव मात्र ओरडत नाही, चावत नाही, केस गळत नाहीत, जागा लागत नाही, चार दिवस गावी गेलो तरी चालते. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे पाच माणसे राहतात, तिथे प्राणी पाळण्याची हौस असेल तर ती कासवावरच येऊन थांबते. गरिबाघरच्या मुलालाही काहीतरी जिवंत आपले असावे असे वाटते, त्यात मला काहीच गैर दिसत नाही. सोनूला तसे वाटले म्हणून मी आजही त्याला दोष देत नाही.

पण ही कारणे एकदा पुन्हा वाचून पाहा. यांतले एकही कारण कासवाला काय हवे याबद्दल नाही. सगळी कारणे ते काय मागत नाही याबद्दल आहेत. आपण त्याला निवडतो कारण ते तक्रार करत नाही. आणि ते तक्रार करत नाही म्हणून त्याला काही दुखत नाही असे धरून चालतो. कुत्रा उपाशी राहिला तर गल्ली डोक्यावर घेतो. कासव आजारी पडले तरी शेवटच्या टप्प्यापर्यंत तसे दाखवत नाही. रानात दुबळेपणा दाखवणारा प्राणी आधी खाल्ला जातो, म्हणून निसर्गाने त्याला तसे घडवले आहे. राणीचे चार महिने आमच्या डोळ्यांसमोर गेले आणि आम्ही पाहुण्यांना सांगत होतो, "बघा किती शांत आहे."

मी देवनारला राहते. देवनार म्हटले की लोकांना दोनच गोष्टी आठवतात: कचऱ्याचे डोंगर आणि पशुवधगृह. (तिसरी गोष्ट म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था, पण ती आठवणारे लोक वेगळे.) माझे बाबा पशुवधगृहात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतात. १९७१ पासून ते इथे आहे आणि बकरी ईदच्या आधी तिथे लाखाच्या वर बकरे येतात. जनावर म्हणजे काय हे आमच्याकडच्या पोरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. राणी मेली तेव्हा मी डोळे पुसत बसले होते. बाबा जेवता जेवता म्हणाले, "आमच्याकडं कापायला आलेलं जनावरसुद्धा आधी डाक्टरच्या नजरेखालून जातं. लंगडतंय का, ताप आहे का, बघतात. तुमचं हे पाळायचं जनावर कोणी तपासलं होतं?" मी गप्प राहिले. बाबांना वाद घालायचा नव्हता, ते भाकरी मोडत होते. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. अर्ध्या दिवसात मरणाऱ्या बकऱ्यासाठी नियम आहे, आणि तीस वर्षे कोंडायच्या प्राण्यासाठी अडीचशे रुपये आणि प्लॅस्टिकचे झाड.

आता कोणी म्हणेल, बाई, तुला कळले नाही म्हणून झाले. ज्याला कळते त्याने पाळावे की! ठीक आहे. कळल्यानंतरचे आमचे तीन वर्षांचे वर्णन करते.

राजा (डॉक्टरांनी सांगितले की ही मादी आहे, नराच्या पुढच्या पायांची नखे लांबलचक असतात, हिची आखूड आहेत. पण सोनूला आता नाव बदलणे मान्य नाही, म्हणून राजाच) आता वीतभराला थोडीशी कमी आहे. डबा कधीच संपला. ती मोठ्या टबात राहते. टब मोरीत आहे. मोरी आईची. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी येते, ते ठरावीक वेळच. तेवढ्यात पिंप, कळशी, हंडा सगळे भरून घ्यायचे. टबाला चार बादल्या लागतात. पाणी आठवड्यातून दोनदा पूर्ण बदलावे लागते, नाहीतर वास सुटतो आणि तो वास कोणाच्याही कौतुकाला पुरून उरतो. म्हणजे आठवड्याला आठ बादल्या. ज्या वस्तीत दोन बादल्यांवरून बायकांची भांडणे होतात तिथे आठ बादल्या कासवाला! आईने याबद्दल काय काय म्हटले ते अंकात छापण्यासारखे नाही.

मग ऊन. रोज दुपारी राजाला गल्लीच्या तोंडाशी उन्हात न्यायचे, टबात एक वीट ठेवायची म्हणजे ती वर चढून अंग कोरडे करू शकते, अर्ध्या भागावर पोत्याची सावली करायची, कारण नुसत्या उन्हात पाणी तापले तर अर्ध्या तासात मरेल. आणि शेजारी बसून राहायचे, कारण देवनारच्या आकाशात घारी किती आहेत ते इथे राहणाऱ्यांनाच माहीत. सोनू काठी घेऊन बसतो आणि गणिते सोडवतो. पावसाळ्यात चार महिने हे सगळे बंद, तेव्हा अतिनील किरणांचा खास दिवा लागतो. त्या दिव्याची किंमत राजाच्या किमतीच्या कितीतरी पट आहे. टब किंवा कासव हाताळले की साबणाने हात धुवायचे, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात आणि लहान मुलांना त्यापासून जुलाब, ताप, कधी त्याहून वाईट दुखणी होतात. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवे विकायला बंदी घातली गेली ती याच कारणाने. तिथे ती बंदी आहे. इथे आमच्या सोनूच्या हातात तेवढीच पिल्ले कोणी विचारपूस न करता दिली गेली. शिवाय मादीला नराशिवायही अंडी येतात. ती घालायला मऊ माती लागते. माती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते. आता ही माती मी देवनारच्या खोलीत कुठे पसरू?

हे सगळे करूनही राजा सुखात आहे असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. ती जिवंत आहे, एवढेच म्हणते.

मागच्या दिवाळीत बाबांनी तोडगा काढला. "गावच्या विहिरीत सोडू." आमचे गाव जालना जिल्ह्यात. आजीच्या विहिरीत पूर्वी कासव होते. विहिरीत कासव असले की पाणी निर्मळ राहते असे जुने लोक मानतात, आणि ते अगदीच खोटे नाही, कारण आपली देशी तळ्यातली कासवे गोगलगाई, किडे, मेलेले मासे खाऊन टाकतात. आजी त्या कासवाला 'राखणदार' म्हणायची. बाबांचा विचार साधा होता: विहिरीला राखणदार, राजाला विहीर, आईला मोरी. सोनूही तयार झाला. मला कबूल करायला हवे की मीही दोन दिवस तयार होते.

मग मी जरा वाचले, आणि तयारी मोडली. ही लाल कानाची कासवे जिथे जिथे लोकांनी कंटाळून सोडली तिथे तिथे ती तगली आणि तिथल्या देशी कासवांच्या मुळावर आली. ती लवकर वयात येतात, मिळेल ते खातात, ऊन खायच्या जागा बळकावतात, बाहेरचे रोग आणतात. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींची एक यादी तज्ज्ञांनी केली आहे, तिच्यात हे कासव आहे. युरोपीय देशांनी १९९७ साली याची आयात थांबवली. आपल्याकडे आसामात गुवाहाटीच्या एका मंदिराच्या तळ्यातही ते सापडले आहे. कोणीतरी पुण्य समजूनच सोडले असणार. एकटी मादी विहिरीत काय करणार, असे बाबा म्हणाले. पण गावच्या ओढ्याला पूर येतो तेव्हा विहीर आणि ओढा एक होतात हे त्यांनाच मी लहानपणी सांगताना ऐकले आहे. पवईचा तलाव, ठाण्याची तळी, मानखुर्दकडची खाडी, सगळीकडे हेच. खाडी तर खारी, आणि ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणतात. आपल्या घरातली अडचण उचलून तिथे टाकायची, आणि वर 'मुक्त केले' म्हणायचे? आमच्याकडे शहराने आपल्या सगळ्या घरांतली अडचण आणून टाकली आहे. तो न्याय निदान मी तरी दुसऱ्या पाण्याला लावणार नाही.

थोडे कायद्याबद्दल, कारण मैत्रिणीने 'कुठले' असे विचारले होते. देशी कुठलेच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी कासवे पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. आजीच्या विहिरीतल्या मऊ पाठीच्या कासवाला तर पहिल्या परिशिष्टाचे, म्हणजे वाघाच्या पंक्तीचे संरक्षण आहे. म्हणजे आजीचा राखणदारही आज कोणी तळ्यातून आणून सोडला तर गुन्हाच. सर्वांत हाल आहेत ते स्टार कासवाचे, ज्याच्या पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असते. आधी ते चौथ्या परिशिष्टात होते. २०२२ च्या दुरुस्तीने पहिल्यात आले, आणि त्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद व निदान पंचवीस हजार रुपये दंड आहे. 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराने २०१९ साली त्याचा व्यापार जगभर बंद केला. तरी ते विकले जाते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की आंध्र आणि कर्नाटकच्या सीमेवरच्या एकाच भागातून वर्षाला निदान ५५,००० स्टार कासवे उचलली जात होती. ते कोरड्या माळावरचे कासव. त्याला पोहता येत नाही, आणि लोक त्याला माशांच्या पेटीत ठेवतात. 

आणि का, तर भाग्य उजळते म्हणून! वीस नखांचे कासव घरात असले तर पैसा येतो, गुप्तधन सापडते, असे सांगून हजारोंचे व्यवहार होतात. पोलिसांनी अशी कासवे पकडल्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत नेहमी येतात. ज्याला भाग्यच उजळायचे असेल त्याने पितळी कासव घेऊन ताटलीत ठेवावे. त्याला ऊन लागत नाही, झिंगे लागत नाहीत, पाणी आठवड्यातून दोनदा बदलावे लागत नाही, आणि लाभ मात्र तेवढाच होतो.

परदेशी अजगर, इग्वाना वगैरे पाळण्याची नवी हौस पैसेवाल्या घरांत दिसते. त्यांच्याबद्दल मला अनुभव नाही. मुंबईच्या विमानतळावर प्रवासी सामानात, मोज्यांत गुंडाळून असे प्राणी आणताना पकडले जातात हे आपण वाचतोच. यांतले जे प्राणी साइटिसच्या यादीत आहेत त्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारकडे नोंदणी करावी लागते. माझ्या वाचकांपैकी कोणी हे घेईल असे वाटत नाही. आपल्या कँटीनची उधारी पाहता तर नाहीच. लाल कानाचे कासव मात्र परदेशी असल्यामुळे देशी प्राण्यांच्या यादीबाहेर राहते आणि म्हणूनच उघड्यावर, स्वस्तात मिळते. २०२२ च्या दुरुस्तीने सरकारला परक्या उपद्रवी जातींवर बंधने घालण्याचा अधिकार दिला आहे. तो या कासवापुरता तरी वापरावा, निदान पिल्लांची किरकोळ विक्री थांबवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अडीचशे रुपयांची वस्तू म्हणून जे मिळते ते अडीचशे रुपयांच्या काळजीनेच वागवले जाते.

एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. मराठीच्या तासाला आम्हाला संतकाव्य शिकवताना सरांनी सांगितले होते की कासवी आपल्या पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. ती दुरून नुसते त्यांच्याकडे पाहते आणि त्या प्रेमळ दृष्टीनेच पिल्ले वाढतात, अशी कल्पना आपल्या संतांनी देवाच्या कृपेसाठी वापरली आहे. देवळातही गाभाऱ्यापुढे दगडी कासव असते, त्याला हात लावून आपण आत जातो. तेव्हा माझे एक मित्र म्हणाले, "कासव घरात असणे ही आपली संस्कृतीच आहे, तू उगाच पाश्चात्त्यांचे ऐकून बोलतेस." कल्पना म्हणून ती मला फार आवडते. पण खरी कासवी अंडी वाळूत पुरते आणि मागे वळूनही न पाहता निघून जाते. पिल्लांना आईची दृष्टी मिळत नाही. त्यांना वाळू मिळते, ऊब मिळते, पाणी मिळते, आणि तेवढ्यावर ती जगतात किंवा मरतात. मार्च २०१८ मध्ये, मी शाळेत असताना, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना लोकांना दिसली. त्याआधी दोनअडीच वर्षे अफरोझ शाह आणि त्यांच्याबरोबरचे स्वयंसेवक तो किनारा दर आठवड्याला झाडत होते. त्यांनी कासवे आणली नव्हती. कचरा उचलला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून अंड्यांची राखण सुरू केली. आता तिथे लोक पहाटे उठून पिल्ले समुद्रात जाताना बघायला जातात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटालाही अशाच कामाची पार्श्वभूमी आहे. त्याला २०१७ साली जाहीर झालेले राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. संस्कृतीच म्हणायची तर ही का म्हणू नये? नुसते पाहणे आणि हात न लावणे, हे संतांच्या त्या कासवीच्या दृष्टीला अधिक जवळचे नाही काय?

मात्र वेळासला जायला गाडीभाडे लागते, आणि सोनूला हातात धरता येईल असे काहीतरी हवे होते. हा फरक मी विसरत नाही. आमच्या वस्तीत झाड नाही, अंगण नाही. मुलाने प्राणी पाहायचा तर कुठे? घारी, उंदीर, भटकी कुत्री आणि ईदच्या आधीचे बकरे. अशा मुलाला 'निसर्गात जाऊन पाहा' असे सांगणे सोपे आहे, आणि मला ते सांगताना लाज वाटते. पण त्या मुलाची भूक खरी आहे म्हणून समोर येईल तो जीव त्याच्या हातात द्यावा, हेही मला पटत नाही. सोनूने गल्लीतल्या एका कुत्रीची चार पिल्ले मागच्या थंडीत पोत्यावर सांभाळली. ती रात्रभर ओरडायची, त्यामुळे त्यांना भूक लागली हे सगळ्या गल्लीला कळायचे आणि कोणी ना कोणी उठायचे. प्राणी पाळण्याचा आनंद त्याला तेव्हा जितका झाला तितका राजाने दिलेला मला तरी दिसला नाही.

तर माझ्या मैत्रिणीस उत्तर असे: बाजारातून कुठलेच घेऊ नकोस. तुला फारच वाटत असेल आणि तुझ्याकडे गच्ची असेल, ऊन असेल, पाणी चोवीस तास असेल, तर कोणाच्या तरी घरी नकोसे झालेले एखादे मोठे कासव असतेच, ते घे. त्याने बाजारात नवी मागणी होत नाही. देशी कासव कोणाकडे दिसले तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळव. पिल्लू मात्र घेऊ नकोस, कितीही मान वर करून बघत असले तरी.

तिला हे सगळे मी तोंडीही सांगितले. मग एका रविवारी ती आमच्याकडे राजाला बघायला आली. सोनूने टब उन्हात काढला होता. तिने वाकून पाहिले, नाकाला रुमाल लावला, तरी हात पुढे केला, आणि राजाने मान आत ओढून फुस्स केले. ती दचकून मागे झाली. आई आतून म्हणाली, "आवडलं का ग? टबासकट घेऊन जा, वर खाऊ पण देते." मैत्रीण हसली, चहा प्यायली आणि घरी विचारून सांगते म्हणाली. त्याला आता दोन महिने झाले. दरम्यान टब पुन्हा लहान पडू लागला आहे. पुढचा आठशे रुपयांना आहे. शिकवणीचे पैसे एक तारखेला मिळाले की मी तो आणणार आहे. तो मोरीत बसेल की नाही, याचे माप घेण्याचे काम सध्या सोनूकडे आहे.